रेल्वेच्या पहिल्या दिवसांचं चांदीचं नाणं: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळ-जळगावकडे घरटी एक माणूस रेल्वेत, नाहीतर रेल्वेच्या भरवशावर. त्यामुळे रेल्वेच्या चांदीच्या नाण्याचा विषय निघाला की चौकशी सुरू होते: खरं आहे का, कितीला घ्यावं, आजीच्या पेटीतल्या रुपयाचा याच्याशी काही संबंध आहे का? नाणी जमवण्याच्या नादात मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते उत्तरांसह इथे देत आहे.

रेल्वेचं चांदीचं नाणं म्हणतात ते नक्की कोणतं?

भारतीय रेल्वेला दीडशे वर्षं झाली म्हणून भारत सरकारने २००३ साली काढलेलं शंभर रुपयांचं नाणं. त्याच निमित्ताने दोन रुपयांचंही नाणं निघालं होतं. ते तांबं-निकेलचं, अकरा कोनांचं, आणि व्यवहारात फिरलेलं. दोन रुपयांचं अजूनही किराणा दुकानाच्या गल्ल्यात कधीमधी सापडतं. शंभराचं मात्र संग्राहकांसाठीच होतं, ते सुट्ट्या पैशात मिळणार नाही.

या नाण्यांवर इंजिन नाही, हातात दिवा घेतलेला हत्ती आहे. तो भोलू. दीडशेव्या वर्षासाठी राष्ट्रीय डिझाइन संस्थेने तयार केलेलं हे बोधचिन्ह १६ एप्रिल २००२ ला बंगळुरूमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आलं आणि पुढे रेल्वेने ते कायम ठेवलं. बऱ्याच जणांना हत्ती पाहून वाटतं की आपल्याला भलतंच नाणं दिलं. तसं नाही, हत्तीचंच खरं. पण एवढ्या मोठ्या नाण्यावर १८५३ चं इंजिन असायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. दिवा घेतलेला हत्ती गोड दिसतो, पण त्याकडे बघून मुलाला पहिल्या गाडीची गोष्ट सांगता येत नाही.

त्यात चांदी किती?

निम्मी. सरकारची त्या काळातली शंभर रुपयांची स्मरणनाणी ३५ ग्रॅम वजनाची आणि ४४ मिलिमीटर व्यासाची असत. धातू चार: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. म्हणजे नाण्यात शुद्ध चांदी साडेसतरा ग्रॅम, आपल्या हिशेबात दीड तोळा.

"अर्धी चांदी म्हणजे फसवणूकच की!" असं एका ओळखीच्या वहिनींनी ऐकताक्षणी म्हटलं होतं. फसवणूक नाही. या मिश्रणाला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा १९४० पासून सहाव्या जॉर्जचा रुपया याच प्रमाणात पाडायला लागले. त्याआधीचा रुपया जवळजवळ ९२ टक्के चांदीचा होता. ज्यांच्या घरी दोन्ही रुपये आहेत त्यांनी ते शेजारी ठेवून बघावेत. १९४० नंतरचा रुपया वापरून झिजला की उंच भागांवर, म्हणजे राजाच्या गालावर आणि केसांवर, तांबूस-पिवळट झाक दिसते. आतलं तांबं डोकावतं ते.

सराफाकडे, ऑनलाइन, प्रदर्शनात 'रेल्वेचं चांदीचं नाणं' म्हणून बरंच काही मिळतं. ते सगळं नाणं असतं का?

नाही, आणि हा फरक घेण्याआधीच समजून घ्या. नाणं काढण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला आहे. २०११ च्या नाणे कायद्यात हे स्पष्ट आहे. सरकारी नाण्याच्या एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, 'भारत' हा शब्द आणि रुपयांतली किंमत असते. यातलं काही नसेल, नुसतं इंजिनाचं चित्र, '१८५३' आणि '९९९' (चांदी ९९.९ टक्के शुद्ध असल्याची खूण) एवढंच असेल, तर ते पदक आहे.

पदक वाईट नसतं. ९९९ चांदीचं, नीट कोरलेलं पदक निम्म्या चांदीच्या नाण्यापेक्षा धातूच्या दृष्टीने सरसच. पण विकणारा त्याला 'सरकारमान्य' म्हणत असेल तर सावध व्हा. माझ्या नात्यातल्या एकाने असं एक 'मर्यादित आवृत्ती'चं पदक चांदीच्या भावाच्या तिपटीहून जास्त किमतीला घेतलं. सोबत मखमली डबी होती, क्रमांक घातलेलं प्रमाणपत्रही होतं. मोडायला नेलं तेव्हा हातात फक्त चांदीचे पैसे आले. डबीचे आणि कागदाचे पैसे कोणी देत नाही.

नाण्यावर किंवा पदकावर दाखवलेला इतिहास बरोबर आहे का, हे कसं तपासायचं?

माझ्या मते घेण्याआधी सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. चांदीचा कस सराफ पाच मिनिटांत सांगतो, चित्राचा कस आपल्यालाच बघावा लागतो.

पहिली प्रवासी गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, दुपारी साडेतीननंतर एकवीस तोफांच्या सलामीने निघाली. तीन इंजिनं जोडली होती आणि त्यांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान अशी सांगतात. गाडी होती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची. ही कंपनी १८४९ साली ब्रिटिश संसदेच्या कायद्याने उभी राहिली. मुंबईतून या कामाला बळ देणाऱ्यांत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई होते.

आता चित्राकडे बघा. पहिली चूक इमारतीची. '१८५३' लिहिलेल्या कितीतरी पदकांवर मुंबईचं आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस दिसतं. त्या इमारतीचं बांधकाम १८७८ साली सुरू झालं आणि १८८८ ला पूर्ण झालं. पहिली गाडी निघाली तेव्हा तिथे घुमट नव्हता, साधं लाकडी स्टेशन होतं.

दुसरी चूक इंजिनाची, आणि ती चाकं मोजून पकडता येते. ठाण्याच्या गाडीची इंजिनं इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीची होती. त्यांना पुढे लहान चाकांची एक जोडी आणि मागे मोठ्या चाकांच्या दोन जोड्या, या दोन मोठ्या जोड्या दांड्याने एकमेकींना जोडलेल्या. पदकावरच्या इंजिनाला मध्ये एकच भलंमोठं चाक आणि पुढे-मागे लहान चाकं असतील, तर ती 'फेअरी क्वीन'. हे इंजिन १८५५ चं, लीड्सला बनलेलं आणि बंगालच्या ईस्ट इंडियन रेल्वेसाठी आलेलं. सुंदर आहे, अजून जपलेलं आहे, पण बोरीबंदरहून ठाण्याला ते कधी गेलं नाही. फेअरी क्वीनचा फोटो सहज मिळतो म्हणून चित्रकार तोच वापरतात.

तिसरी गोष्ट शब्दांची. 'भारतातील पहिली रेल्वे' असं लिहिलं असेल तर ते अर्धवट. मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ सालीच दगड वाहायला रूळ टाकले होते. 'पहिली प्रवासी गाडी' हेच बरोबर.

आपल्या खान्देशात रेल्वे कधी आली?

ठाण्यानंतर दहा वर्षांच्या आतबाहेर. १८५४ ला गाडी कल्याणपर्यंत गेली. पुढे आडवा आला थळ घाट, म्हणजे आपला कसारा घाट. तिथला चढ ३७ फुटांना एक फूट. आजही मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. ज्यांनी रात्रीच्या गाडीने भुसावळ गाठलंय त्यांना तो धक्का ओळखीचा आहे.

यातली मजेची बाब अशी की घाटातला कसारा-इगतपुरी टप्पा सुरू झाला १ जानेवारी १८६५ ला, पण घाटमाथ्यावरून नाशिक आणि चाळीसगावकडची लाइन त्याआधीच, १८६१ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली होती. घाट फुटेपर्यंत इंजिन बंद पडून राहिलं नाही, वरच्या वर धावत राहिलं. कंपनीचे मुख्य इंजिनिअर होते जेम्स बर्कली, पण दगड फोडला तो हजारो मजुरांनी. त्यातले किती पटकीने आणि अपघाताने घाटातच गेले. त्यांची नावं कुठल्या नाण्यावर आली नाहीत.

एवढी घाई कशाला? कापसासाठी. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि सगळ्यांच्या नजरा खान्देश-वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळल्या. तोवर आपला कापूस बैलगाडीने आणि लमाणांच्या बैलतांड्यांवरून घाट उतरायचा. वाटेत धूळ, पाऊस, आणि मुंबईला पोचेपर्यंत प्रत गेलेली. रूळ आले आणि तोच कापूस दाबलेल्या गाठींतून जायला लागला. कंपनीला गुंतवलेल्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची सरकारी हमी होती आणि त्या हमीचा बोजा शेवटी इथल्याच महसुलावर पडत होता. स्मरणनाण्यांचं कौतुक करताना हाही भाग लक्षात असू द्यावा असं मला वाटतं.

भुसावळ तर रेल्वेनेच घडवलेलं गाव. इथून दोन वाटा फुटल्या. एक अकोला-बडनेरा करत १८६७ साली नागपूरला पोचली. दुसरी तापी ओलांडून खंडवा, इटारसी करत जबलपूरला गेली आणि मार्च १८७० मध्ये तिथे ईस्ट इंडियन रेल्वेला जोडली गेली. मुंबई-कलकत्ता सलग रेल्वेमार्ग त्या दिवशी झाला. आपल्याकडच्या यार्डात उभं राहून हे आठवून बघा.

चाळीसगाव-धुळे, तापी व्हॅली आणि पीजे, यांचं काय?

ही दुसरी पिढी. सुरतेहून नंदुरबार, अमळनेरकडे येणारी तापी व्हॅली रेल्वे आणि चाळीसगाव-धुळे फाटा, दोन्ही एकोणिसावं शतक सरताना झाले. पाचोरा-जामनेर, म्हणजे सगळ्यांची लाडकी पीजे, त्यानंतरची, पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या सुमाराची. अडीच फुटी रूळ, ५६ किलोमीटर, वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरे असे थांबे. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली. आता त्या मार्गावर ब्रॉडगेजचं काम आहे. कधी कोणी नाणं काढायचं ठरवलं तर पीजेचं काढा, असं मी भेटेल त्याला सांगतो. दुधाचे कॅन, शाळेची पोरं आणि बाजारच्या पाट्या एकाच डब्यात घेऊन जाणाऱ्या गाडीचा मान मोठ्या मेलगाड्यांपेक्षा कमी नाही.

"आजीच्या पेटीत राणीछाप रुपये आहेत. ते रेल्वेच्या काळातले का?"

बहुतेक वेळा हो, आणि माझ्या लेखी हेच खरं रेल्वेचं नाणं.

पहिली गाडी धावली तेव्हा राज्य कंपनी सरकारचं होतं. त्या वेळच्या रुपयावर तरुण व्हिक्टोरियाचं डोकं आहे, साल १८४० आहे आणि मागे 'ईस्ट इंडिया कंपनी' अशी इंग्रजी अक्षरं आहेत. कंपनीचं राज्य गेलं आणि १८६२ पासून नवा रुपया आला. डोक्यावर मुकुट, अंगावर नक्षीचं वस्त्र. आता गंमत अशी की टांकसाळीने पुढे बरीच वर्षं, १८७४ पर्यंत, रुपयावर साल १८६२ हेच ठेवलं. भुसावळ, नागपूर, जबलपूर हे सगळे टप्पे याच काळातले. म्हणजे आपल्याकडे रूळ पडत होते तेव्हा पेठेत, कापसाच्या सौद्यात, ठेकेदाराच्या पेटीत खुळखुळत होता तो १८६२ चा रुपया. १८७७ पासून राणी 'सम्राज्ञी' झाली आणि नाण्यावरची अक्षरं बदलली.

वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यातली शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. १८६२ च्या रुपयावर बारीक ठिपके असतात. ते कुठे आणि किती आहेत यावरून संग्राहक टांकसाळ आणि पाडल्याचं वर्ष ठरवतात, आणि काही ठिपक्यांच्या रुपयांना चांदीच्या भावापेक्षा बरेच जास्त पैसे मिळतात. तेव्हा भिंग घेऊन एकदा बघितल्याशिवाय वजनावर मोडू नका.

एक अडचण आपल्याकडे नेहमी येते. जुन्या बायकांनी रुपयांना कड्या डाकून माळा केल्या. डाक लावलेला रुपया संग्राहक घेत नाहीत, त्याला चांदीचाच भाव. अशी माळ असेल तर ती माळ म्हणूनच ठेवा. कडी काढून नाणं वेगळं करायला गेलात तर दोन्ही हातचं जाईल.

"भाऊ, हाई नाणं खरं शे का?" ओळखायचं कसं?

आधी वजन आणि व्यास. शंभराचं रेल्वे नाणं ३५ ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. अर्धा-पाऊण ग्रॅमहून जास्त फरक आला तर शंका घ्या. चुंबक लावा. चांदीच्या नाण्याला चुंबक ओढत नाही, पण चुंबक लागला नाही एवढ्यावरून ते चांदीचं ठरत नाही, पितळालाही लागत नाही.

घरी करता येईल अशी चांगली परीक्षा पाण्याची आहे. ग्रॅमच्या दोन दशांशांपर्यंत दाखवणारा काटा घ्या, त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. शुद्ध चांदीला उत्तर १०.५ च्या जवळ येतं, निम्म्या चांदीच्या चौधातूला ९.५ च्या आसपास. जर्मन सिल्व्हर किंवा पितळ असेल तर साडेआठ-पावणेनऊ. चकचकीत प्रूफ नाण्यावर, म्हणजे संग्राहकांसाठी आरशासारखं पाडलेल्या नाण्यावर, हा प्रयोग नको, पाण्याचे डाग कायमचे बसतात.

ओतून बनवलेल्या खोट्या नाण्याची अक्षरं बोथट असतात आणि भिंगातून बारीक भोकं दिसतात. फरशीवर आपटून खणखण ऐकायची सवय मात्र सोडा, कडेला चेपा आला की किंमत गेली. जळगावच्या सराफ बाजारात टंच काढायचं मशीन आहे, त्यात नाण्याला ओरखडा पडत नाही. मशीन वरचा थर वाचतं, तेव्हा मुलाम्याचा संशय असेल तर टंचासोबत पाण्याची परीक्षाही हवी.

नाणं काळं पडलंय. चमकवू का?

नको. चिंच नको, टूथपेस्ट नको, राख नको, रांगोळी तर मुळीच नको. काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाचा चांदीवर बसलेला पातळ थर. तो घासून काढताना चांदीही निघते आणि घासलेलं नाणं जाणकाराला लांबूनच कळतं. साधी धूळ-चिकटा असेल तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात बुडवून मऊ सुती कापडावर ठेवून टिपून घ्या, पुसू नका. कडेला धरूनच उचला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाच्या बोटाचा ठसा नाण्यावर कायमचा उमटतो.

ठेवण्यासाठी कडक प्लास्टिकची गोल कॅप्सूल घ्या. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात नाणं हिरवट चिकट होतं. रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्र जवळ ठेवू नका.

लक्ष्मीपूजनाला नाणं पाटावर मांडणार असाल तर कॅप्सूलसकटच मांडा आणि हळद-कुंकू कॅप्सूलवर वाहा. पूजेला काही कमी पडत नाही.

गुंतवणूक म्हणून घ्यावं का?

चांदीच घ्यायची असेल तर चोख चांदी घ्या. स्मरणनाण्यात धातूशिवाय घडण, पेटी आणि हौस यांचे पैसे असतात, वर चांदीवरचा ३ टक्के जीएसटी. मोडताना यातलं काही परत येत नाही. संग्राहकाला विकलं तर जास्त मिळू शकतं, पण त्यासाठी मूळ पेटी, पत्रक आणि निष्कलंक नाणं हवं, आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत धीर हवा. नातवाला द्यायला, रेल्वेतून निवृत्त होणाऱ्या वडिलांना भेट द्यायला घेत असाल तर हा हिशेब मांडूच नका.

शंभराचं नाणं दुकानात चालेल का?

कायद्याने ते चलन आहे. पण आतल्या चांदीचीच किंमत शंभरापेक्षा कितीतरी जास्त, तेव्हा देऊ नका.

कुठून घ्यावं?

नवी सरकारी स्मरणनाणी टांकसाळींचं महामंडळ आपल्या संकेतस्थळावर नोंदणी घेऊन विकतं. २००३ चं नाणं आता संग्राहकांकडून किंवा नाण्यांच्या प्रदर्शनातच मिळेल. पक्कं बिल घ्या, बिलावर वजन आणि चांदीचं प्रमाण लिहून घ्या. दुकानदार ते लिहून देत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

इतर देशांनी रेल्वेवर कशी नाणी काढली?

ब्रिटनने २००४ साली दोन पौंडांच्या नाण्यावर रिचर्ड ट्रेव्हिथिकचं इंजिन घेतलं. वेल्समधल्या पेनीडॅरेन इथे १८०४ साली याच इंजिनाने रुळांवरून दहा टन लोखंड ओढलं होतं. जर्मनीने २०१० मध्ये आपल्या रेल्वेच्या १७५ वर्षांनिमित्त दहा युरोचं चांदीचं नाणं काढलं. मला सगळ्यात आवडतं ते ऑस्ट्रियाचं २००४ चं सेमरिंग घाटमार्गाचं. बाहेर चांदीची कडी आणि आत नायोबियम धातूचा हिरवा गाभा. सेमरिंगचा मार्ग १८५४ चा, आपल्या थळ घाटाच्या आधी दहाएक वर्षांचा. त्यांनी घाटाला नाणं दिलं. आपल्या घाटालाही ते मिळायला हवं.

जुनं घर पाडताना जुने रुपये सापडले तर?

घरातल्या पेटीत, कोठीत, वारसाने आलेले रुपये तुमचेच. पण जमिनीत पुरलेलं किंवा जमिनीला जोडलेल्या कशात तरी, जसं भिंतीत, दडवलेलं धन सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असली, तर १८७८ चा गुप्तनिधी कायदा लागू होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. मजुरांमध्ये वाटून टाकलेले रुपये नंतर पोलिसांकडून परत गोळा होतात आणि सगळ्यांनाच त्रास होतो. सापडल्या जागी, भांड्यासकट फोटो काढा, रुपये मोजून पंचांसमोर यादी करा आणि तहसील कार्यालयात द्या. धुवायला, घासायला घेऊ नका. शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तूंच्या कायद्यातही येतात, त्यामुळे ती परदेशातल्या नातेवाइकाला पाठवू नका, खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत.